चढत्या पाण्याची ओटी

बाबांनी खिशातून टेप काढली, तेव्हाच मला कळलं की आज समुद्रावर जायला उशीर होणार.

आम्ही तिघं खोलीत उभे होतो. आईने हातातली पिशवी अजून खाली ठेवली नव्हती. बाबांनी टेपचं एक टोक मला भिंतीपाशी धरायला लावलं आणि स्वतः दुसऱ्या भिंतीपर्यंत चालत गेले. मग आडवं माप घेतलं. मग खिडकीचं. चेहऱ्यावर राग नव्हता. उलट निवृत्त झाल्यापासून दिसली नव्हती अशी तरतरी होती. माझे वडील वजनमापे निरीक्षक होते. सगळी नोकरी सोलापूर जिल्ह्यात काढली. भुसार बाजारातले दुकानदार त्यांना लांबून पाहिलं की तराजू पुसायला घ्यायचे.

खिडकीबाहेर पाण्याची काळी टाकी होती, एक जनरेटर होता आणि दोरीवर चादरी वाळत घातल्या होत्या. चादरींमागे सुरूची झाडं. झाडांमागून समुद्राचा आवाज येत होता. आवाज मात्र कुठेच कमी पडत नव्हता.

खोली माझ्या भावाने, शिरीषने, पुण्यात बसून कॉम्प्युटरवर ठरवली होती. आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाची भेट. तो स्वतः यायचा होता, मग ऐन वेळी ऑफिसचं काही निघालं आणि त्याच्या जागी मी आले. त्याने एक फोटो छापून पाठवला होता: पांढरा व्हरांडा, तीन पायऱ्या, आणि तिसऱ्या पायरीनंतर थेट वाळू. आईने तो फोटो देवघरातल्या फळीवर ठेवला होता. सोलापूरहून निघताना तिने तो पर्समध्ये घेतला, आणि आता बाबांनी तो तिच्याकडून मागून घेतला. पुरावा म्हणून.

मॅनेजर परुळेकर नावाचे होते. पन्नाशीचे, सौम्य, आवाज बसलेला. ते खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "समुद्र दिसतो साहेब. जरा बाहेर वाकलं की डावीकडे दिसतो."

"वाकून बघायचा असं फोटोत कुठे लिहिलंय?"

"तसं नाही साहेब. पण रूम समुद्राच्या बाजूचीच आहे."

"माझं सोलापूरचं घरसुद्धा समुद्राच्या बाजूलाच आहे," बाबा म्हणाले. "मध्ये फक्त सह्याद्री येतो."

परुळेकर हसले. हसायला नको होतं. बाबांनी टेप गुंडाळली, खिशात टाकली आणि आम्हाला सामान उचलायला सांगितलं.

त्यांचा एक नियम होता, तो आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. वादातल्या मालाला हात लावायचा नाही. हात लावला की तो आपण पत्करला. बाजारातून आणलेलं तूरडाळीचं पुडकं त्यांना कमी वाटलं, तर वाद सुटेपर्यंत, म्हणजे दुकानदार घरी येऊन बदलून देईपर्यंत, ओट्यावर तसंच बांधलेलं राहायचं, आणि आई त्या दिवशी मुगाची आमटी करायची. एकदा लग्नात मिळालेल्या कुकरची शिट्टी बसत नव्हती, तेव्हा कुकर वर्षभर खोक्यात होता. आईने वर्षभर भात पातेल्यात शिजवला. बाबांनी कंपनीकडून नवा कुकर मिळवला. ती गोष्ट ते अजून सांगतात. पातेल्याची गोष्ट कुणी सांगत नाही.

तर आम्ही खोली सोडली. खोलीतलं पाणी प्यायचं नाही, पलंगावर टेकायचं नाही, बाथरूमसुद्धा वापरायचं तर खालचं, सगळ्यांचं. आम्ही जाऊन खालच्या हॉलमध्ये बसलो.

त्या हॉलमध्ये एक माशांची काचेची पेटी होती. तिच्यात दिवा होता, बुडबुडे होते, मासा नव्हता. पोहण्याच्या तलावाचं पाणी दारातूनच हिरवं दिसत होतं आणि त्यात प्लास्टिकची खुर्ची तरंगत होती. आणि एका अख्ख्या भिंतीवर समुद्राचं चित्र चिकटवलं होतं. कुठल्या परदेशातला निळाशार समुद्र, वाकलेले माड. त्या चित्राखालच्या वेताच्या कोचावर आई बसली. खरा समुद्र तिच्या पाठीमागे दोन भिंती आणि एक अंगण सोडून होता.

तिने मांडीवर पिशवी घेतली. ती पिशवी तिने प्रवासभर कुणाकडे दिली नव्हती.

त्या पिशवीत काय आहे हे फक्त मला माहीत होतं. निघायच्या आदल्या दिवशी मी तिच्या मदतीला गेले, तेव्हा ती तांदूळ निवडत होती. शेजारी हिरवा खण, नारळ, हळकुंड, सुपारी, बांगड्या. मी विचारलं, कुणाची ओटी? ती म्हणाली, "समुद्राची."

आईचं माहेर राजापूरच्या खाली, अगदी किनाऱ्यावरचं. तिच्या गावात म्हणे माहेरवाशीण आली की आधी घरात जात नसे. एस.टी.तून उतरली की तशीच पाण्यावर जायची, समुद्राची ओटी भरायची, मग घराची पायरी चढायची. ओटी चढत्या पाण्यालाच द्यायची. उतरत्या पाण्याला देत नाहीत. पाणी आपल्याकडे येत असलं पाहिजे, म्हणजे त्याने आपल्याला ओळखलं. लग्नानंतर पहिल्या वर्षी तिने हे बाबांना सांगितलं होतं. बाबा म्हणाले होते, समुद्र काय बाई आहे, ओटी भरायला?

"बाई की पुरुष, आम्ही कधी विचारलंच नाही," ती मला म्हणाली. "आई भरायची म्हणून आम्ही भरायचो." नंतर तिची आई गेली, मग भाऊ मुंबईला गेले, घर विकलं गेलं आणि जाणं थांबलं. "आता घर नाही, पण हा आहे ना. कुठूनही भेटला तरी तोच." तिने नारळावर हात फिरवला. "ह्यांना बोलू नकोस. उगाच हसतील."

हॉलमध्ये बसल्यावर तिने कुणाला न विचारता तिथी मोजली. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हे किनाऱ्यावरच्या पोरीसोरींना येतं. त्या दिवशी षष्ठी होती.

"साडेचारपर्यंत चढतं आहे," ती मला हळूच म्हणाली. "खूप वेळ आहे."

बारासुद्धा वाजले नव्हते.

परुळेकरांनी ट्रेमधून कोकम सरबत पाठवलं. तीन ग्लास, वर पुदिन्याचं पान. सोलापूरच्या आमच्या घरात कोकम म्हणजे आईच्या माहेरची शेवटची खूण होती. ते ती आगळाच्या बाटलीतून थेंब थेंब पुरवून वापरायची. तिने ग्लासाकडे हात नेला.

"कुमुद," बाबा म्हणाले.

तिने हात मागे घेतला. ट्रे तसाच राहिला. ग्लासांना बाहेरून पाणी सुटलं, ओघळलं, टेबलावर गोल उमटले. आम्ही बाटलीतलं घरचं पाणी प्यालो. दुपारचं जेवण म्हणून कोल्हापूरच्या आत्याने बांधून दिलेल्या दशम्या खाल्ल्या, मांडीवर वर्तमानपत्र पसरून. हॉटेलची बाकीची मंडळी पलीकडे जेवत होती. त्यांच्याही कपाळावर आठ्या होत्या. सोलकढी संपली म्हणून एक बाई भांडत होती. पण निदान ती ताटावर बसून भांडत होती.

बाबांचं दिवसभराचं काम सुरू झालं. ते काउंटरपाशी जात, परत येत. मालकाचा फोन लागत नव्हता. लागला तर मालक गाडी चालवत होता. समुद्राकडच्या खऱ्या खोल्या दोनच होत्या आणि दोन्हींत मालकाचे पाहुणे होते, ते संध्याकाळी जाणार होते. परुळेकरांनी दुसऱ्या दोन खोल्या दाखवल्या. बाबांनी त्या बघायलाही नकार दिला. बघणं म्हणजे अर्धं पत्करणं.

दीड-दोनच्या सुमाराला आई उठली. पदर सारखा केला आणि बाबांजवळ जाऊन म्हणाली, "मी जरा पाय मोकळे करून येऊ का? इथंच, समोर."

"आत्ता?"

"तुमचं चालू दे. मी आणि वृंदा जाऊन येतो."

बाबांनी तिला समजावून सांगितलं, रागावून नाही, नवीन शिपायाला सांगावं तसं. आपण इथे बसलोय तोवर आपली बाजू खरी. तू वाळूत फिरायला लागलीस की तो माणूस मालकाला फोनवर सांगेल, काही नाही, लोक मजेत आहेत. "तू इथे बसून राहणं हीच आपली ताकद आहे. थोडा वेळ काढ. समुद्र कुठे पळून जातोय?"

आई परत येऊन बसली. मी म्हणाले, चल गं, आपण जाऊ, मी बघते बाबांचं काय ते. ती म्हणाली, "नको. ह्यांचं रंगात आलंय."

ती थट्टेने म्हणाली होती. तिच्या थट्टेत कधीच काटा नसायचा, त्यामुळे ती ऐकणाऱ्याच्या लक्षात यायची नाही.

मी पुस्तक उघडून बसले. आईने डोळे मिटले. मला वाटलं, झोपली. पण तिचे ओठ अधूनमधून हलत होते, आणि एकदा डोळे न उघडताच ती म्हणाली, "आता आवाज जवळ आला बघ." मी कान दिला. खरंच, लाटांचा आवाज सकाळपेक्षा मोठा झाला होता. मध्ये एकदा तिने पदराने मान पुसली. मी विचारलं, बरं वाटत नाहीये का? गरम होतंय, म्हणाली. पंखा आमच्यापासून लांब होता. पंख्याखालच्या खुर्च्यांत दुसरे लोक बसले होते.

साडेतीनला ती पुन्हा बाबांकडे बघत होती. बाबा फोनवर होते. त्यांनी तिला हातानेच थांबायची खूण केली: आलंच, होतंच आहे.

चार वाजले. साडेचार वाजले. ती घड्याळाकडे पाहत नव्हती. ती आवाज ऐकत होती. पावणेपाचला तिने पिशवीचे बंद एकत्र करून गाठ मारली. गाठ मारून झाल्यावर म्हणाली, "फिरलं."

"काय?"

"पाणी." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "उद्या दुपारी परत चढेल की. सप्तमी उद्या. सव्वापाचपर्यंत. उद्या जाऊ."

बाबा जिंकले तेव्हा सूर्य कलला होता. मालकाचे पाहुणे गेले, खोली झाडून झाली आणि परुळेकर स्वतः किल्ली घेऊन आले. बाबांनी त्यांचा हात हातात घेऊन हलवला. खरोखर मनापासून. भांडण संपल्यावर समोरच्याबद्दल त्यांच्या मनात काही राहत नसे, हेही मला सांगितलं पाहिजे.

खोली फोटोतलीच होती. पांढरा व्हरांडा, पायऱ्या, तिसऱ्या पायरीचा कोपरा तुटलेला, आणि त्यापुढे वाळू. पाणी मागे सरकलं होतं आणि ओल्या वाळूचा एक रुंद पट्टा मध्ये चमकत होता. बाबांनी आईला खांद्याला धरून दारात उभं केलं. "घे," म्हणाले. "हा तुझा समुद्र. वाकायला नको, काही नको." मग ते हॉलमध्ये गेले. दुपारभर त्यांच्याकडे बघत बसलेल्या दोन-तीन कुटुंबांना निकाल सांगायचा होता.

आम्ही दोघी खोलीत राहिलो.

बाबा परत आले तेव्हा त्यांच्यामागे चहाचा ट्रे होता. आता हात लावायला हरकत नव्हती. आई पलंगावर आडवी होती आणि दाराचा पडदा ओढलेला होता.

"हे काय? पडदा कशाला?"

"ऊन डोळ्यांवर येतंय," मी म्हणाले.

"मग येऊ दे की. त्यासाठीच तर." त्यांनी एका झटक्यात पडदा सारला. खोली तांबूस झाली. आईने डोळ्यांवर हात धरला, मग काढला, बाबांकडे बघितलं आणि म्हणाली, "छान आहे."

तिने चहा घेतला. सकाळपासून पहिला. रात्री थोडा भात खाल्ला, बाबांनी मागवलेल्या माशाचं तोंड बघून म्हणाली की हा बर्फातला आहे, आणि आम्ही तिघंही हसलो. झोपताना तिने भिंतीकडची बाजू मागून घेतली.

सकाळी मी तिला उठवायला गेले. बाबा व्हरांड्यात दाढी करत होते. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मी खांद्याला हात लावला, आणि मग मला दुसऱ्यांदा हात लावायची गरज पडली नाही. बाहेर पाणी उतरत होतं.

डॉक्टर गावातलेच आले. झोपेतच, म्हणाले. हृदय. त्रास झाला नसावा. ज्यांच्याशी आदल्या दिवशी बाबा सबंध दिवस भांडले, त्या परुळेकरांनीच गाडी बघून दिली, बर्फ आणला, माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला. इथेच करायचं का, असंही त्यांनी हळू आवाजात विचारलं. गावची स्मशानभूमी समुद्रावरच आहे, म्हणाले. मी बाबांकडे पाहिलं.

"नाही," बाबा म्हणाले. "परक्या गावात कशाला? आपल्या माणसांत नेऊ तिला."

घाट चढेपर्यंत मागच्या काचेतून अधूनमधून समुद्र दिसत होता. मग दिसेनासा झाला.

सोलापुरात घर माणसांनी भरलं होतं. अहेव गेलेली बाई. हिरवी साडी, कुंकू, ओटी, सगळं रीतीने व्हायला हवं. शेजारच्या आवटेकाकूंनी विचारलं, ओटीच्या सामानाला कुणाला धाडू? तेव्हा बाबांनी आईची पिशवी पुढे केली. कोल्हापूरला गाडी थांबली तेव्हा ते तिच्यात चष्मा आहे का बघत होते आणि गाठीच्या बाजूच्या फटीतून त्यांना आतलं सामान दिसलं होतं.

"कुणी कुठे जायला नको," ते म्हणाले. "सगळं तिने स्वतःच घेतलं होतं. खण, नारळ, तांदूळ. सगळं."

बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. कुणीतरी हुंदका दिला. आवटेकाकू म्हणाल्या, "कळलं होतं हो त्यांना. पुण्यवान बाई." आणि त्यांनी ती गाठ सोडली, जी आईने पावणेपाचला मारली होती, आणि ते निवडलेले तांदूळ, तो खण, तो नारळ आईच्याच ओटीत घातला.

मी भिंतीला टेकून उभी होते. मला वाटलं, आता बोलावं. मग बाबांचा चेहरा दिसला. त्या दिवशी त्यांना त्या एवढ्याच गोष्टीचा आधार होता.

त्या आधाराचा वर्षभरात वृत्तांत झाला आणि मग आख्यान. वर्षश्राद्धाला, लग्नाकार्यात, शिरीषच्या सासरच्या मंडळींसमोर, डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकावर बसून. कसं फोटो दाखवून फसवलं, कशी टेप काढली, सह्याद्रीचं ते वाक्य, दुपारभराचा लढा. मग आवाज खाली आणून: ही नुसती बसून होती माझ्यासाठी, एका शब्दाने तक्रार नाही. आणि मग मिळालीच खोली. शेवटची संध्याकाळ तिने समुद्राकडे बघत काढली. समुद्राकडे तोंड करून गेली. आणि ओटी बरोबर घेऊन आली होती, म्हणजे बघा. भांडलो नसतो तर पाण्याच्या टाकीकडे बघत गेली असती बिचारी.

मी दरवेळी तिथे असायचे. चहाचे कप उचलायचे. आईच्या मागे मीच बाबांकडे राहत होते. कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी सांभाळून त्यांचं पथ्य, गोळ्या, डोळ्यांत थेंब. त्यांच्यात आणि माझ्यात फारसं बोलणं नसायचं, आणि जे होतं त्यात ही गोष्ट पाण्याच्या पाटासारखी मध्ये असायची, ओलांडून जावं लागायचं.

मागच्या महिन्यात शिरीषचा मुलगा निषाद बायकोला घेऊन आला होता. लग्न नुकतंच झालेलं. दुसऱ्या दिवशी ते दोघं कोकणात निघणार होते, समुद्रावरच्या कुठल्याशा हॉटेलात. गार्गी, नातसून, मोकळी आणि चौकस मुलगी आहे. बाबांनी त्यांना बजावलं, खोली आधी बघा, मगच बॅग आत न्या. आणि मग ओघानेच गोष्ट आली. बाबांचे डोळे आता गेल्यात जमा आहेत, पण सह्याद्रीच्या वाक्याला ते अजून नेमके थांबतात आणि हसू येऊ देतात. गार्गी हसली. पुढे तिचे डोळे भरले. ओटीपर्यंत आल्यावर तिने बाबांचा हात धरला.

"आजींना सगळं मनासारखं मिळालं म्हणायचं," ती म्हणाली. आणि मग, सहज, तिच्या चौकसपणाने: "समुद्र बघून काय म्हणाल्या हो त्या?"

बाबा थांबले. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ते त्या गोष्टीत आत-बाहेर शोधू लागले, हे मला दिसत होतं.

"मी हॉलमध्ये होतो तेव्हा," ते म्हणाले. "वृंदा होती खोलीत. वृंदे, काय म्हणाली गं ती?"

"दमली होती," मी म्हणाले. "फार काही बोलली नाही." आणि कप उचलून आत गेले.

मुलं पहाटे निघून गेली. दुपारी मी पडवीत मेथी निवडत बसले होते. बाबा आरामखुर्चीत होते. मला वाटलं, त्यांचा डोळा लागलाय.

"काल तू टाळलंस," ते म्हणाले.

मी मेथीच्या काड्या बाजूला करत राहिले.

"मला दिसत नाही, पण ऐकू नीट येतं. तू टाळलंस." त्यांनी डोळे चोळले. "रात्रभर तेच चाललंय डोक्यात. मी दहा ठिकाणी सांगत आलो, समाधानाने गेली, समाधानाने गेली. कुणाच्या शब्दावर? ती मला एवढंच म्हणाली, छान आहे. छान आहे तर ती कुकरलासुद्धा म्हणाली होती." त्यांनी मान माझ्या दिशेला वळवली, थोडी चुकीच्या जागी. "मी हॉलमध्ये होतो तेव्हा काय म्हणाली?"

मला अजूनही सांगता आलं असतं, की म्हणाली किती मोठा आहे. म्हणाली, लहानपणीचं आठवलं. असं मी मनात किती वेळा रचून ठेवलं होतं, वेळ आली तर द्यायला. वेळ आली आणि ते तोंडात येईना. समोरच्या परडीत मेथी होती, आणि माझ्या डोळ्यांपुढे परातीत तांदूळ निवडणारी बोटं.

"पडदा ओढ, म्हणाली," मी म्हणाले.

बाबांनी खुर्चीची पाठ सोडली आणि ते सरळ बसले.

"ती ओटी तिची नव्हती, बाबा. समुद्राची होती. माहेरवाशिणीने आल्या आल्या भरायची असते त्यांच्याकडे, पाणी चढतं आहे तोवर. लग्नानंतर तिने तुम्हाला सांगितलं होतं एकदा, तुम्ही हसला होतात. म्हणून परत नाही सांगितलं. बारापासून ती पिशवी मांडीवर घेऊन बसली, आणि पावणेपाचला पाणी फिरलं. तुम्ही दारात उभं करून हॉलमध्ये गेलात, तेव्हा ती मला म्हणाली, माहेरच्या दारात आले आणि ओटी न भरता उभी आहे, मला बघवत नाही त्याच्याकडे, पडदा ओढ. मी ओढला. मग म्हणाली, आणि ह्यांना सांगू नकोस हं. बिचाऱ्यांनी दिवसभर भांडून मिळवलीय."